काक, काव आणि कुहू : प्राण्यांच्या आवाजातून शब्द कसे घडतात

कावळ्याला संस्कृतात ‘काक’ का म्हणतात, या प्रश्नावर आपल्याकडे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी वाद झाला होता, आणि तो वाद लिहून ठेवलेला आहे. वेदांतल्या कठीण शब्दांची फोड करणारा यास्काचार्यांचा ‘निरुक्त’ हा ग्रंथ. त्याच्या तिसऱ्या अध्यायात यास्क म्हणतात, ‘काक इति शब्दानुकृतिः । तदिदं शकुनिषु बहुलम् ।’ म्हणजे काक हे आवाजाचं अनुकरण आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ दिसतो. कावळा ‘का का’ करतो म्हणून तो काक. इतकं सरळ.

पुढच्याच वाक्यात विरोधी मत येतं. औपमन्यव नावाचे आचार्य म्हणतात, शब्दानुकृती असं काही नसतंच. मग काक शब्द आला कुठून? ‘काकोऽपकालयितव्यो भवति’, म्हणजे ज्याला हुसकून लावावं लागतं तो काक. गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या कुणालाही हा अर्थ चटकन पटेल, पण शब्दाचं मूळ म्हणून तो ओढूनताणून आणलेला वाटतो.

औपमन्यव असं का म्हणाले, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यांचा आग्रह हट्टापोटी नव्हता. निरुक्तकारांच्या परंपरेचं मुख्य तत्त्वच असं होतं की सगळी नामं धातूंपासून, म्हणजे क्रिया सांगणाऱ्या मूळ शब्दांपासून तयार होतात. शाकटायन हे वैयाकरणही त्याच मताचे. गार्ग्य आणि काही वैयाकरण म्हणत, सगळी नाही, काहीच. आता सगळी नामं धातूंपासून येतात असं एकदा मान्य केलं की कावळा अडचण करतो. त्याचं नाव थेट त्याच्या घशातून आलं असेल, तर मध्ये धातू कुठे राहिला? एक कावळा मान्य केला तर नियमालाच भोक पडतं. यास्क स्वतः धातुवादी असूनही त्यांनी पक्ष्यांपुरती ही सूट दिली, हा त्यांचा मोठेपणा मला फार मोलाचा वाटतो. तत्त्व हातात असताना कानांनी ऐकलेलं नाकारायचं नाही, इतकी मोकळीक त्यांनी ठेवली.

हा वाद नंतरच्या काळात दूरच्या देशांतही पुन्हा झाला. ऋग्वेदाचं संपादन करणारे मॅक्स म्युलर यांनी १८६१ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानांत, भाषा प्राण्यांच्या नकलेतून जन्मली या मताला ‘बाव-वाव सिद्धान्त’ असं चिडवणारं नाव दिलं. पुढे फर्डिनांड द सोस्यूर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक असतं असं मांडलं. झाडाला ‘झाड’ म्हणायला झाडात काही कारण नाही, लोकांनी तसं ठरवलं म्हणून ते झाड. आवाजाची नक्कल करणारे शब्द या मताच्या आड येतात, म्हणून त्यांना उत्तर देणं सोस्यूरलाही भाग पडलं. त्याचं उत्तर आपल्याला पुढे लागणार आहे.

आधी ‘नक्कल’ म्हणजे काय ते पाहू. पाणिनीने अशा शब्दांना ‘अव्यक्तानुकरण’ म्हटलं आहे. अव्यक्त म्हणजे ज्यात वर्ण वेगळे काढता येत नाहीत असा आवाज. फडकं हवेत झटकलं की जो आवाज होतो त्यात ना ‘प’ असतो ना ‘ट’. आपण त्याला ‘पट पट’ म्हणतो, आणि मग त्याचं क्रियापद करतो : पटपटाकरोति. अशी रूपं कशी बनवायची याचा नियम अष्टाध्यायीत आहे. मराठी शाळेत आपण याच शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणून शिकतो : किलबिल, गडगडाट, रिमझिम, किरकिर. मोल्सवर्थच्या मराठी कोशातही असे शब्द ‘अनुकरण’ या अर्थाची खूण करून दिलेले आहेत, आणि ते इतके आहेत की पानं चाळताना मराठीला आवाजांची किती हौस आहे हे लक्षात येतं.

‘अव्यक्त’ हा शब्द फार नेमका आहे. पक्ष्याला ओठ नाहीत, दात नाहीत. त्याचा आवाज निघतो तो श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागते तिथल्या सिरिंक्स नावाच्या अवयवातून. त्यामुळे कावळ्याच्या ओरडण्यात आपला ‘क’ असणं शक्यच नाही. तो आवाज एकदम, खरखरीतपणे सुटतो, आणि आपल्या वर्णमालेत त्या धक्क्याला सर्वांत जवळचा वर्ण ‘क’, म्हणून आपल्याला ‘क’ ऐकू येतो. म्हणजे आवाज प्राण्याचा, पण वर्ण आपले. प्रत्येक भाषेकडे वर्णांचा साठा वेगळा, म्हणून एकच कुत्रा मराठीत ‘भो भो’ करतो, जपानीत ‘वान वान’ आणि रशियनमध्ये ‘गाव गाव’. मराठीचा ‘भ’ पाहा. ओठ उघडताना घशातून हवेचा लोट सोडत उच्चारला जाणारा हा वर्ण कुत्र्याच्या भुंकण्याला फार चांगला बसतो. इंग्रजीत, जपानीत, रशियनमध्ये तो वर्णच नाही, त्यामुळे त्यांना दुसरा पर्याय शोधावा लागला. कोंबड्याचंही तसंच. मराठीत कुकूचकू, हिंदीत कुकडू-कूं, फ्रेंचमध्ये कोकोरिको, जर्मनमध्ये किकेरिकी, जपानीत कोकेकोक्को. रूपं निराळी आहेत, पण ‘क’ सगळीकडे ठाण मांडून आहे. भाषा निवड करते ती तिच्याकडे असलेल्या वर्णांतून, पण निवडीला मर्यादा घालतो तो कोंबडा.

याचा एक परिणाम भाषांची नाती शोधणाऱ्यांना सांभाळावा लागतो. संस्कृतात काक, कन्नडमध्ये कागे, तेलुगूत काकि, तमिळमध्ये काक्कै. संस्कृत एका भाषाकुळातली, बाकीच्या तिन्ही द्राविड कुळातल्या. कुणी कुणाकडून घेतला हा शब्द? या एका शब्दावरून ते ठरवता येत नाही, कारण सगळ्यांच्याच अंगणात कावळा होता आणि सगळ्यांनाच कान होते. चिनी भाषेत मांजराला ‘माओ’ म्हणतात आणि प्राचीन इजिप्तमध्ये मांजराचं नाव ‘मिउ’ असं होतं. त्यावरून चीन आणि इजिप्त यांचं नातं जोडायला कुणी जात नाही. भाषांचं कूळ तपासताना असे शब्द बाजूला ठेवतात ते याचसाठी.

झिजणारे शब्द, आणि ओरडत राहणारे प्राणी

आता सोस्यूरचं उत्तर. त्याने म्हटलं, नक्कल करणारा शब्द एकदा भाषेत आला की तो इतर शब्दांसारखाच बदलत जातो आणि नक्कल पुसली जाते. त्याचं उदाहरण होतं फ्रेंचमधलं कबुतराचं नाव, ‘पिजाँ’. इंग्रजी ‘पिजन’ त्याच्यापासूनच आलं. मूळ शब्द उत्तरकालीन लॅटिनमधला ‘पिपियो’, पिल्लाच्या ‘पिप पिप’ आवाजावरून झालेला. ‘पिजाँ’ ऐकून आज कुणाला पिल्लू आठवतं?

आपल्याकडे हीच गोष्ट ‘कोकिल’ या शब्दाची झाली. संस्कृतातून प्राकृतात येताना दोन स्वरांच्या मधले क, ग, च, ज, त, द, प, य, व बहुधा गळून जातात. वररुचीच्या प्राकृत व्याकरणातलं हे सुप्रसिद्ध सूत्र आहे. त्याची उदाहरणं आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत : सूचीची सुई झाली, घाताचा घाव झाला, नगराचं नयर होऊन पुढे नेर झालं, म्हणून तर आपल्याकडे पारनेर, संगमनेर, अमळनेर. पायरी जशी रोजच्या पावलांनी मधोमध झिजते, तसा शब्द मधल्या व्यंजनात झिजतो. ‘कोकिल’चं प्राकृतात ‘कोइल’ झालं, आणि हिंदीत ‘कोयल’. त्या नावातलं ‘को-कि’ गेलं आणि पक्ष्याची हाकही गेली. मराठीने मात्र कोकीळ, कोकिळा ही संस्कृताजवळची रूपं वापरात ठेवली, त्यामुळे आपल्या शब्दात ती हाक अजून ऐकू येते.

काकाचंही प्राकृतात ‘काअ’ झालं. मधला ‘क’ गेला, दोन स्वर शेजारी आले, त्यांच्यामध्ये ‘व’ सरकला, शेवटी ‘ळा’ लागला आणि कावळा झाला. नियमाने पाहिलं तर इथेही नक्कल मोडायला हवी होती. पण मराठीत आपण कावळ्याचा आवाज ‘काव काव’ असाच सांगतो. नाव झिजून जे रूप झालं तेच आवाजाचंही रूप झालं. माझ्या मते हा निव्वळ योगायोग नाही. पक्षी रोज दारात ओरडत असताना नाव आणि आवाज एकमेकांना धरून राहतात. पितृपक्षात पान वाढून ठेवलं की माणसं गच्चीत उभं राहून ‘काव काव’ अशी हाक देतात. कावळ्याकडून घेतलेला शब्द आपण पुन्हा कावळ्यालाच ऐकवतो. असा शब्द झिजला तरी हरवत नाही.

याचा आणखी स्पष्ट पुरावा इंग्लंडमध्ये सापडतो. युरोपातल्या कोकिळेच्या जातीचा पक्षी ‘कु-कू’ असा अगदी स्वच्छ दोन स्वरांत ओरडतो. लॅटिनमध्ये त्याचं नाव कुकुलुस, ग्रीकमध्ये कोक्क्यूक्स, रशियनमध्ये कुकुश्का. जुन्या इंग्रजीत मात्र त्याला ‘गेआक’ म्हणत. हाही मुळात नकलेचाच शब्द होता, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या ध्वनिबदलांनी तो पक्ष्यापासून फार दूर गेला. मग तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून ‘कुकु’ आला आणि ‘गेआक’ला इंग्रजीतून बाहेर पडावं लागलं. स्कॉटलंडच्या बोलीत त्याचा जुन्या नॉर्समधून आलेला भाऊबंद ‘गाउक’ या रूपात राहिला आहे. जो शब्द पक्ष्याशी जुळत नव्हता तो लोकांनी टाकला आणि जुळणारा घेतला. दर वसंतात तो पक्षी झाडावरून बरोबर उच्चार ऐकवत होता, हे त्यामागचं कारण. सोस्यूरचं म्हणणं अर्धं खरं आहे ते इथे. शब्द झिजतात हे खरंच, पण ज्याच्यावरून शब्द आला तो प्राणी अजून ओरडत असेल तर झिजलेल्या शब्दाजागी नवा शब्द पुन्हा घडू शकतो. ‘झाड’ या शब्दाला अशी सोय नाही, कारण झाड स्वतःचं नाव सांगत नाही.

प्राणी आपला आवाज सहसा बदलत नाहीत, याचा उपयोग विद्वानांनी एकदा फार सुंदर केला. आजचे ग्रीक लोक ‘बीटा’ हे अक्षर ‘व’ असं उच्चारतात आणि ‘ईटा’ हे अक्षर ‘ई’ असं. प्राचीन ग्रीकांचा उच्चार काय होता, यावर सोळाव्या शतकापासून युरोपात जोराचा वाद होता. डच विद्वान इरॅस्मसने १५२८ मध्ये त्यावर ग्रंथच लिहिला. या वादात एक साक्षीदार मिळाला तो मेंढीचा. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला अथेन्सचा विनोदी नाटककार क्रातिनोस याची एक ओळ शिल्लक आहे. तिच्यात एक मूर्ख माणूस मेंढीसारखा आवाज करत चालतो, आणि तो आवाज लिहिला आहे बीटा-ईटा, बीटा-ईटा असा. आजच्या उच्चाराने वाचलं तर मेंढी ‘वी वी’ करते. कुठल्याही धनगराला विचारा, मेंढी ‘वी वी’ करत नाही, ‘बें बें’ करते. तेव्हा प्राचीन काळी बीटाचा उच्चार ‘ब’ होता आणि ईटाचा उच्चार लांबवलेल्या ‘ए’सारखा होता, हे मान्य करावं लागतं. अडीच हजार वर्षांत ग्रीक माणसांचे उच्चार बदलले, मेंढ्यांचे नाहीत.

धातू तरी कुठून आले?

औपमन्यवांकडे पुन्हा एकदा वळू या, कारण त्यांच्या बाजूनेही काही बोलण्यासारखं आहे. ‘भुंकणे’ हे मराठी क्रियापद घ्या. ते प्राकृत ‘भुक्क’ आणि संस्कृत ‘बुक्क’ यांच्याकडे जातं. आणि धातुपाठात, म्हणजे ज्या यादीतून सगळी नामं निघतात असं धातुवादी मानत त्या यादीत, ‘बुक्क भषणे’ असा धातू आहे. भषण म्हणजे भुंकणं. तोंडाने ‘बुक्क’ असं एकदा म्हणून पाहा, तो धातू कुठून आला हे लगेच ऐकू येईल. धातूंच्या यादीत कुत्रा आधीच येऊन बसलेला आहे! त्यामुळे ‘नाव नकलेतून आलं की धातूतून’ हा प्रश्नच काही ठिकाणी उरत नाही, कारण धातूच नकलेतून आलेला असतो.

यास्कांनाही हे कुठेतरी जाणवलं असावं. कोंबड्याला वेदात ‘कृकवाकु’ असा शब्द आहे. त्याची फोड करताना यास्क म्हणतात, पूर्वार्ध हे आवाजाचं अनुकरण आणि उत्तरार्ध ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूपासून. ‘कृक’ असं बोलणारा तो कृकवाकु. अर्धी नक्कल, अर्धा धातू, एकाच शब्दात दोन्ही पक्ष.

मराठीत प्राण्यांच्या आवाजांचे शब्द आपण लहानपणी पाठ करतो : गाईचं हंबरणं, घोड्याचं खिंकाळणं, वाघाची डरकाळी, कोल्ह्याची कोल्हेकुई, मोराची केका. यांतल्या बऱ्याच शब्दांत प्राणी थेट ऐकू येतो. हंबरण्यामागे संस्कृतातला ‘हम्भा’ आहे, तोच लहान मुलांच्या बोलीत ‘हम्मा’ होऊन गाईचं नाव बनतो. हंबरण्यातून ‘हंबरडा’ झाला, आणि तो गाईपुरता राहिला नाही. वासरासाठी गाय जशी आर्त ओरडते, तसा माणूस आपलं माणूस गेलं की हंबरडा फोडतो. दुःखाचं वर्णन करायला मराठीला इथे गाईचाच आवाज सापडला. या शब्दाइतका खोल शब्द मला दुसरा सुचत नाही. ‘केका’ हा मोराच्या हाकेचा शब्दही नकलेचाच. कवी मोरोपंत स्वतःला ‘मयूर’ म्हणवीत, म्हणून देवाची करुणा भाकणाऱ्या आपल्या रचनेला त्यांनी नाव दिलं ‘केकावली’, मोराच्या केकांची माळ. मोराने पावसासाठी ओरडावं तसं या मयूराने देवाला आळवलं. नकलेतून जन्मलेला शब्द भक्तिकाव्याच्या नावापर्यंत पोचला तो असा.

सगळीच नावं आवाजावरून पडत नाहीत, हेही सांगायला हवं. कोकिळेचं संस्कृतातलं दुसरं नाव परभृत, दुसऱ्याने पोसलेला. ते तिच्या वागण्यावरून पडलं, कारण कोकिळा अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. (आणि ‘कुहू कुहू’ गाणारी कोकिळा नसतेच, तो काळाभोर नर कोकीळ. ठिपक्याठिपक्यांची मादी तसं गात नाही.) तांबट पक्ष्याचं नाव तर मधल्या वाटेवरचं आहे. तो ‘टुक टुक टुक’ असा एकसारखा ठोका धरतो, पण त्याचं नाव टुकटुक पडलं नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारणाऱ्या कारागिराचा आवाज त्यात ऐकू आला म्हणून तो तांबट. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने ते ठोके ऐकले आहेत त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतही या पक्ष्याला ‘कॉपरस्मिथ’च म्हणतात.

नकलेचा सर्वांत पुढचा टप्पा म्हणजे पक्ष्याच्या आवाजात अख्खं वाक्य ऐकू येणं. पावशा हा पक्षी उन्हाळा सरताना, पावसाच्या तोंडावर झाडाझाडांतून ओरडू लागतो. तीच लकेर पुन्हा पुन्हा, दरवेळी जास्त चढ्या सुरात, आणि मग एकदम थांबतो. महाराष्ट्रातला शेतकरी त्यात ऐकतो ‘पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!’ हिंदी प्रदेशात तोच पक्षी पपीहा होतो आणि विचारतो ‘पी कहाँ?’, माझा प्रियकर कुठे आहे? बंगालमध्ये तो म्हणतो ‘चोख गेलो’, डोळे गेले. हिंदुस्थानातल्या उकाड्यात रात्रंदिवस तो आवाज ऐकून कावलेल्या इंग्रजांना त्यात ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आलं, मेंदूचा ताप. पक्षी एकच, लकेर एकच. प्रत्येकाने तिच्यात आपल्या मनात त्या दिवसांत जे चाललं होतं ते भरलं. रोहिण्या निघाल्यावर आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पेरणीशिवाय दुसरं काय ऐकू येणार? टिटवीचंही असंच. संस्कृतातला टिट्टिभ, मराठीतली टिटवी, दोन्ही तिच्या हाकेवरून. इंग्रजीत मात्र ती ‘डिड ही डू इट’ असा प्रश्न विचारते.

एखाद्या पक्ष्याचं नाव आवाजावरून पडलंय की नाही हे ताडून पाहायचं असेल, तर कोश उघडण्याआधी पक्षी ऐकावा. यास्कांच्या ज्या परिच्छेदात काकाचा वाद आहे, तिथे लगेच पुढचा शब्द आहे ‘तित्तिरि’, म्हणजे तित्तिर. त्याची फोड दिली आहे तरणावरून, नाहीतर अंगावर तिळाएवढे ठिपके असलेला म्हणून. आवाजाचा तिथे उल्लेखच नाही. पण दख्खनच्या माळावर भल्या सकाळी बाभळीच्या झुडपाआडून येणारी त्याची ‘क-टी-तर, क-टी-तर’ अशी खणखणीत हाक ज्याने ऐकली असेल, त्याला तिळाची गरज पडणार नाही. पक्ष्यांत हा प्रकार पुष्कळ आहे, हे यास्कांचं म्हणणं या तित्तिराला तर पुरतं लागू पडतं. याच तित्तिरावरून एका ऋषीचं नाव तित्तिरि पडलं, आणि त्या नावावरून कृष्ण यजुर्वेदाची तैत्तिरीय शाखा, तैत्तिरीय संहिता आणि तैत्तिरीय उपनिषद.